आडनावापलीकडचे वराडकर

१४ जून २०१७ रोजी लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि डब्लिनमधल्या मराठी घरांत गावाकडून फोनवर फोन येऊ लागले. कणकवलीहून माझी आते म्हणाली, "आपलो वराडकर थंय पंतप्रधान झालो, आता तुमका काय कमी?" मालवण तालुक्यातलं वराड हे त्यांचं मूळ गाव. वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे. ते इंग्लंडला गेले, तिथे आयरिश परिचारिका मिरियम यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि पुढे हे कुटुंब डब्लिनला स्थिरावलं. लिओ इथेच जन्मले, इथेच डॉक्टर झाले. वय अवघं ३८. या देशाला इतका तरुण पंतप्रधान तोवर मिळाला नव्हता.

आतेचा आनंद खरा आहे आणि तो माझाही आहे. पण डब्लिनच्या बसमध्ये, दुकानात, ऑफिसात या निवडीबद्दल तेव्हा जे बोललं जात होतं, त्यात आडनाव कुठेच नव्हतं.

पहिली कुरकुर निवडीच्या पद्धतीवर होती. सार्वत्रिक निवडणूक झालेलीच नव्हती. आधीचे पंतप्रधान एंडा केनी पायउतार झाले आणि फिन गेल पक्षाने आपला नवा नेता निवडला. पक्षाच्या सामान्य सभासदांची ७,०५१ मतं प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना पडली, वराडकरांना ३,७७२. तरीही वराडकर जिंकले, कारण पक्षाच्या नियमात आमदार-खासदारांच्या मतांचं वजन ६५ टक्के होतं आणि सभासदांचं फक्त २५. मग संसदेत ५७ विरुद्ध ५० अशा मतांनी ते पंतप्रधान झाले. बरेच सदस्य तटस्थ राहिले. असं अल्पमतातलं सरकार किती दिवस टिकेल, हा प्रश्न जो तो विचारत होता.

दुसरी तक्रार जास्त खोल होती. सामाजिक सुरक्षा खात्याचे मंत्री असताना त्यांनी सरकारी भत्त्यांत फसवणूक करणाऱ्यांविरुद्ध मोठी जाहिरात मोहीम चालवली. पाठोपाठ पक्षनेतेपदाच्या प्रचारात, सकाळी लवकर उठून कामाला जाणाऱ्यांचं आपण प्रतिनिधित्व करू, असं सांगितलं. आमच्या शेजारच्या बाई अपंग मुलाची सेवा करतात आणि त्यासाठी मिळणाऱ्या भत्त्यावर घर चालवतात. मुलाची कूस बदलायला त्या पहाटे पाचला उठतात. "मी लवकर उठते, ते यांच्या हिशेबात धरलंय का?" असं त्यांनी मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. ज्यांच्या घरात आजारपण किंवा बेकारी आहे, त्यांना त्या जाहिराती आपल्याकडेच बोट दाखवताहेत असं वाटलं, आणि तसं वाटण्यात त्यांची काहीही चूक नाही.

आणि घरं. डब्लिनमध्ये भाड्याचं घर शोधणं म्हणजे काय, ते इथे नव्याने आलेल्या कुठल्याही मराठी जोडप्याला विचारा. एका खोलीसाठी जिन्यापर्यंत रांग लागते. पण आपण पगारदार माणसं, कसंतरी निभावतो. २०१७ च्या मध्यात देशात साडेसात हजारांहून अधिक माणसं बेघर म्हणून नोंदलेली होती आणि त्यांत लहान मुलं मोठ्या संख्येने होती. माझ्या मुलीच्या वर्गातली एक मुलगी आई आणि भावासोबत हॉटेलच्या एका खोलीत राहत होती. तिथे चूल नव्हती, व्हरांड्यात खेळायला मनाई. २०१७ च्या मध्यापर्यंत बेघर कुटुंबांना हॉटेलात ठेवणं जवळजवळ बंद करू, असा शब्द सरकारने २०१६ साली दिला होता. ती मुदत उलटून गेली. शेकडो कुटुंबं तरीही हॉटेलातच होती. घरांचं खातं आधी कोव्हनींकडे होतं, मग दुसऱ्याकडे गेलं. पण शब्द सरकारचा होता आणि त्या सरकारचे प्रमुख आता वराडकर झाले होते.

मग आशा कशाच्या बळावर? मला स्वतःला ती एका गोष्टीवर वाटली. २०१२ साली बेळगावहून आलेली दंतवैद्य सविता हलप्पनवार गॉलवेच्या रुग्णालयात गेली. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं. तिने गर्भपात मागितला, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तो नाकारला गेला आणि जंतुसंसर्गाने ती दगावली. ३१ वर्षांची होती. १९८३ साली घटनेत घातलेलं गर्भपातबंदीचं कलम २०१७ साली अजून तसंच होतं. त्यावर २०१८ साली सार्वमत घेऊ, असं वराडकरांनी सांगितलं होतं. ज्या माणसाने जानेवारी २०१५ मध्ये, मंत्रिपदावर असताना, आपण समलिंगी आहोत हे रेडिओवर सगळ्या देशाला सांगितलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात समलिंगी विवाहाला ६२ टक्के मतदारांनी होकार दिलेला पाहिला, तो हा शब्द पाळेल असं मला वाटलं. सार्वमत झालं तर सविताच्या आईवडिलांनाही ते समजेल, असंही वाटलं.

मला सर्वांत जास्त दिलासा मात्र या शहराच्या शंकेखोरपणाने दिला. त्या महिनाभरात मी कितीतरी जणांशी बोलले. वराडकरांचा बाप कुठला, रंग कोणता, जोडीदार कोण, हे एकानेही काढलं नाही. भाडं, दवाखान्यातल्या ट्रॉलीवर झोपलेले रुग्ण, भत्ते, मुदती यांवरच सगळे भांडले. परक्या मुलखातून आलेल्या डॉक्टरच्या मुलाला इतर कुठल्याही पुढाऱ्याइतकंच परखडपणे जाब विचारला जातो, हा त्याचा खरा मान आहे. आपण मराठी माणसांनी नुसते हारतुरे दिले तर तो मान आपण कमी करू.

इथे आयरिश किंवा ब्रिटिश नागरिकत्व नसलेल्यांना संसदेसाठी मत देता येत नाही. पण स्थानिक निवडणुकीत या देशात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला मत आहे, पासपोर्ट कुठलाही असो. तीतून स्थानिक परिषदा निवडल्या जातात आणि परवडणारी सरकारी घरं बांधायचं काम याच परिषदांकडे असतं. डब्लिनमधल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो, अर्ज परिषदेच्या कार्यालयात मिळतो. मतदारयादीत नाव घाला.