ब्रह्मपुरीच्या मातीतल्या आया

आषाढात कोल्हापूरला उतरलं, की पंचगंगेचं पाणी कुठवर आलंय हे आधी विचारायचं. मी घाटावरून ब्रह्मपुरीच्या टेकाडावर चढले. आज इथे दाट वस्ती आहे. 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातली विटांची घरं उजेडात आली.

ब्रह्मपुरीचं नाव झालं ते पोसायडन या ग्रीक सागरदेवाच्या ब्राँझमूर्तीमुळे. टाउन हॉलच्या संग्रहालयात पावलं आधी तिच्याकडेच वळतात. मला मात्र मातीच्या मूर्तींची, त्यांतल्या आयांची ओढ होती. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही सांधायच्या. मूर्ती आतून पोकळ. कोल्हापूर, तेर, पैठण, सगळीकडे तेव्हा हीच रीत होती. ब्राँझ समुद्रापलीकडून आलं, माती इथल्या घरातली. म्हणून मला ती जास्त जवळची.

तेर, नेवासे इथे तर साक्षात प्रसूतीच्या आसनातली देवी सापडली: पाय फाकलेले, मस्तक नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात तिचं नातं रेणुका-यल्लम्माशी जोडलं. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या डोंगरावर जाणाऱ्या कोल्हापूरकरांना ही आई परकी नाही. त्याहून कितीतरी जुनी इनामगावची: ताम्रपाषाणयुगातल्या घराच्या जमिनीखाली पुरलेली मातीची पेटी, आत बिनडोक्याची स्त्री, आणि सोबत मातीचा बैल. मेक्सिकोत अझ्टेकांच्या घरांच्या अवशेषांतही मूल घेतलेल्या बायकांच्या मृण्मूर्ती मिळतात. बाळंतपणात दगावलेल्या बाईला ते लोक रणात पडलेल्या वीराचा मान देत. बाळंतपणाचं मोल इतक्या उघडपणे मानणारा समाज मला मोठा वाटतो.

संध्याकाळी गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत शिरले. बेंदूर तोंडावर आलेला, ओसरीवर मातीच्या बैलांच्या रांगा. आत गणपती सांधणं चाललं होतं. एक मावशी ओलं बोट फिरवून दोन अर्ध्यांमधली रेघ बुजवत होत्या. पुढची बाजू झाली, की मूर्ती फिरवून पाठ. बोट मध्येच पाण्यात बुडायचं. ही रेघ राहिली तर काय होतं, मी विचारलं.

“वाळताना तिथंच तडकतंय बघा,” त्या म्हणाल्या, “म्हणून हे काम पोरांस्नी देत न्हाई.”