पासिंग वाढले, तरी...

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. तीन आसांच्या ट्रकचे भारासह एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. मी तेव्हा बँकेच्या सेवेत होतो. कारंज्याचे एक व्यापारी स्नेही जुन्या ट्रकचे पासिंग वाढवण्याचा विचार घेऊन आले. "साहेब, सोयाबीनच्या प्रत्येक खेपेला साडेतीन टन जास्त. कर्ज लवकर फिटेल."

हिशेब बिनचूक होता. मी विचारले, "ब्रेक, टायर, पाटे तेच ना?" ते गप्प झाले. नोंदणीपुस्तकातील आकडा बदलल्याने लोखंडाची ताकद वाढत नाही. गाडीची खरी मर्यादा तिचा सर्वांत दुबळा भाग ठरवतो.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत 'अतिभारारोपण' सांगितले आहे. आपले पूर्वज बैलाच्या खांद्याकडे पाहून ते पाळत. ट्रकला वेदना नसतात. परंतु त्यात चालक असतो आणि समोरून सायकलवर शाळकरी मुले येत असतात.

स्नेह्यांनी जुनेच पासिंग ठेवले. पुढे १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आला. त्यांनी मात्र दंडापूर्वीच निर्णय घेतला होता.

मला स्वतःची खंत वाटते. ट्रकची कितीतरी कर्जे मंजूर करताना मी खेपा मोजल्या. प्रत्येक खेपेत भार किती, हे त्या दिवसापूर्वी कधीच विचारले नव्हते.