एका शांत खोलीचा शोध

काशीतल्या मराठी घरातला मुलगा शिक्षणासाठी मुंबईला जाऊन सुटीत घरी आला, की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "शिक्षण संपल्यावर इकडेच येणार ना?" आणि दुसरा, "पण येऊन करणार काय?" पहिल्याचे उत्तर आम्ही चटकन दिले. दुसऱ्याचे देताना मात्र आमची त्रेधा उडाली. "श्रवणविज्ञान" म्हटले, तर दुर्गाघाटावरच्या एका वृद्ध गृहस्थांनी "म्हणजे पुराण सांगणार का?" असे मोठ्या आस्थेने विचारले. "ऑडिऑलॉजी" म्हटले, तर शेजारच्या काकूंना ते ध्वनिमुद्रणाचे काम वाटले. शेवटी आमच्या काकांनीच निकाल लावला. "काही नाही हो, तो कानाचे दुकान काढणार आहे!"

'दुकान' हा शब्द तेव्हा आम्हांला लागला. परंतु गेले सहा महिने आम्ही ज्या वहीत आमचा बेत मांडीत आहो, ती वही उघडली म्हणजे काकांचे फारसे चुकले नव्हते असे वाटू लागते. यंत्रांच्या किमती, कर्जाचे हप्ते, विजेचे बिल, पाटीचा खर्च. हा सारा दुकानाचाच मजकूर. वाद असलाच तर एवढाच, की त्या दुकानात विकावयाचे काय.

या वाटेला आम्ही लागलो त्याचे कारण आमचे आजोबा. पंचगंगेपासून दुर्गाघाट-ब्रह्माघाटापर्यंतच्या गल्ल्यांतून महाराष्ट्रातून आलेली घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. आमचे घराणे त्यांतलेच एक. आजोबा वैदिक. सकाळी माडीवर चार-सहा विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत आणि संथा चाले. स्वराची किंचित चूक झाली तरी आजोबांचा हात वर होई. इंद्राला मारणारा पुत्र मागताना त्वष्ट्याचा स्वर चुकला आणि पुत्रच इंद्राच्या हातून मारला गेला, ही गोष्ट आम्ही त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती, की स्वर चुकणे म्हणजे जिवाशी खेळ अशी आमची बालपणी ठाम समजूत होती.

पुढे असे झाले, की विद्यार्थी चुकले तरी आजोबांचा हात वर होईनासा झाला. आणि कधी कधी विद्यार्थी बरोबर म्हणत असताना होऊ लागला. घरात आम्ही मोठ्याने बोलू लागलो, मग ओरडू लागलो. ओरडले की ते चिडत. "ऐकू येते मला, नीट बोला!" असे म्हणत. आम्हांला तो हट्ट वाटे. कुणीतरी चौकातल्या एका दुकानातून यंत्र आणून दिले. कान तपासला नाही, काही नाही. डबा उघडला आणि यंत्र कानात घातले. त्यातून भांड्यांचा खणखणाट तेवढा दुप्पट ऐकू येई. आठवडाभराने ते यंत्र देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात गेले. वर्षभराने आजोबांनी संथा देणे थांबवले. प्रकृतीचे कारण सांगितले. विद्यार्थी दुसऱ्या गुरुजींकडे गेले, आणि माडीवर सकाळी शांतता पसरली.

त्या हट्टाचा अर्थ आम्हांला कळला तो मुंबईला, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत. केंद्र सरकारची ही संस्था १९८३ साली सुरू झाली. येथला अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यांतले शेवटचे प्रत्यक्ष कामाचे. आम्ही सध्या त्या शेवटच्या वर्षात आहो. पहिल्याच वर्षी आम्हांस श्रवणालेख वाचावयास शिकवले. आडव्या अंगाने आवाजाची पट्टी, २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत. उभ्या अंगाने तीव्रता, डेसिबलमध्ये. शून्य डेसिबल म्हणजे निःशब्दता नव्हे. निरोगी तरुण कानांना जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची ती सरासरी. वार्धक्यात हा आलेख बहुधा डावीकडे बरा असतो आणि उजवीकडे घाटाच्या पायऱ्यांसारखा उतरत जातो. म्हणजे खालच्या पट्टीतले आवाज शाबूत राहतात, वरच्या पट्टीतले जातात. आता आपल्या भाषेत स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, आणि 'स', 'श', 'थ', 'फ' ही व्यंजने वरच्या पट्टीत, तीही क्षीण. अशा माणसाला कुणी बोलत आहे हे ऐकू येते; काय बोलत आहे ते कळत नाही. ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने जिथल्या तिथे राहतात.

तो तास संपल्यावर आम्ही बराच वेळ बाकावर बसून होतो. आजोबांना उदात्त-अनुदात्त ऐकू येत होते. 'श' आणि 'स' यांतला भेद मात्र हातातून निसटला होता. "ऐकू येते मला" हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दिवाळीच्या सुटीत त्यांची रीतसर तपासणी करवावी असे आम्ही ठरवले. पण दसऱ्याच्या आधीच ते गेले. फडताळातले ते यंत्र आम्ही पुढे उघडून पाहिले. आतल्या सेलवर पांढरा गंज चढला होता.

आमच्या वहीचे पहिले पान 'खोली' या शब्दाने सुरू होते. कान तपासावयाचा तर आधी शांतता हवी. बाहेरचा गोंगाट आत आला तर तपासणी खोटी ठरते. आणि शांतता शोधावयाची कुठे, तर काशीत! पहाटेपासून देवळांच्या घंटा, ध्वनिक्षेपकावरची भजने, तिन्ही त्रिकाळ लग्नाच्या वराती, नावांची यंत्रे, आणि जिथे दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावे लागते अशा गल्लीतून भोंगा वाजवीत जाणाऱ्या मोटारसायकली. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी आयुष्य काढले ते याच गावात, तबल्याचे एक घराणे या गावाच्या नावाने ओळखले जाते. पण निजलेल्या बालकाचा कान तपासता येईल अशी खोली येथे मिळवणे हे सनईइतकेच साधनेचे काम आहे, असे आम्हांला आता वाटू लागले आहे.

आमच्या घरात तळमजल्यावर एक आतली खोली आहे. चुनारच्या दगडाच्या भिंती हातभर जाड. आवाज तिथे खरोखरच कमी. परंतु १९७८ च्या महापुरात गंगा ज्या पायरीपर्यंत आली होती ती पायरी वडील अजून दाखवतात, आणि पावसाळ्यात त्या भिंतींना आजही ओल सुटते. ओल ही श्रवणयंत्राची वैरीण. म्हणून माडीवरची खोली निवडली. तीच, संथेची. तिच्या आत दुसरी खोली बांधावयाची: दोन भिंतींमध्ये पोकळी, पोकळीत खनिज लोकर, जमिनीखाली रबराच्या गाद्या, जड दार, आणि हवा येईल पण आवाज येणार नाही असा वळणावळणाचा झरोका. सुतारमिस्त्रीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "भैया, इसमें बैठेगा कौन?"

कोण बसेल, हे वहीचे दुसरे पान. मदनपुरा आणि अलईपुरा या वस्त्यांत बनारसी साडी विणली जाते. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले आणि त्यांचा खडखडाट दिवसभर चालतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसावा असा एक सर्वमान्य दंडक आहे. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला अवघा एक. अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत सुमारे ३,५०० आतल्या आणि १२,००० बाहेरच्या संवेदक पेशी असतात. एकदा मेल्या की माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. तिथे यंत्र विकण्याआधी कानात घालावयाचे बोळे वाटले पाहिजेत, आणि त्यात मिळकत जवळजवळ शून्य.

शिवाय भाषेचा प्रश्न आहे. शब्द ऐकवून ते परत म्हणावयास लावणे ही तपासणीची एक महत्त्वाची पायरी. शब्दांची यादी पुस्तकी हिंदीतली असेल, तर बनारसी बोली बोलणारा विणकर शब्द अपरिचित म्हणून अडखळेल आणि कागदावर आहे त्याहून अधिक बहिरा ठरेल. आमच्या मोहल्ल्यातली एखादी मराठी आजी त्याच यादीपुढे तशीच अडखळेल. म्हणून नित्याच्या बोलण्यातले शब्द आम्ही दोन्हीकडचे टिपून ठेवू लागलो आहो. त्यांची रीतसर यादी होईपर्यंत त्यांवरून गुण द्यावयाचे नाहीत, हेही आम्ही बजावून लिहिले आहे.

तिसरे पान तान्ह्या मुलांचे. नियम सोपा आहे: महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचाराला आरंभ. बोलणे कानावाटे शिकले जाते, आणि तो काळ कुणासाठी थांबत नाही. परंतु "याचे वडीलही उशिरा बोलू लागले होते" हे एक वाक्य दोन-तीन वर्षे सहज खाऊन टाकते. झोपलेल्या मुलाच्या कानातून उमटणारा प्रतिसाद टिपणारे यंत्र लहानसे असते. मज्जातंतूंपर्यंतची तपासणी करणारे दुसरे मात्र फार महाग. ते आरंभी घ्यावयाचे नाही, अशा मुलांना विश्वविद्यालयाच्या रुग्णालयाकडे पाठवावयाचे, असे आम्ही ठरवले आहे.

चौथे पान पैशाचे, आणि सर्वांत अधिक खाडाखोड तिथेच आहे. तारणावाचून व्यवसायकर्ज देणारी मुद्रा योजना २०१५ साली निघाली. तिच्या 'तरुण' वर्गात १० लाखांपर्यंतची सोय आहे. पण हप्ते कुठून फेडावयाचे? याच सुमारास एका यंत्रकंपनीचा माणूस घरी आला. अत्यंत सौजन्याने वागला. खोली ते बांधून देणार, तपासणीची यंत्रे ते देणार, पाटीसुद्धा त्यांचीच. अट एकच: श्रवणयंत्रे केवळ त्यांची विकावयाची, आणि दरमहा ठराविक संख्या गाठावयाची.

वडिलांना बेत पसंत पडला. "घरी चालत आलेली लक्ष्मी आहे," ते म्हणाले; आणि ज्याने चार मुले शिकवली त्याचे हे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. आम्ही स्वतःही दोन रात्री मनातल्या मनात त्या कागदावर सही केली. मग आईने, भाजी निवडता निवडता, विचारले, "महिन्याच्या शेवटी दोन यंत्रे कमी पडली, आणि एखाद्याच्या कानात नुसता मळ निघाला, तर तू काय सांगशील रे त्याला?"

आम्ही उत्तर दिले नाही. आजोबांना यंत्र देणारा दुकानदार काही दुष्ट माणूस नव्हता. त्यालाही बहुधा महिन्याचा शेवट असेल.

आम्ही नकार कळवला. त्याची किंमतही वहीत लिहिली आहे. दुकान एक वर्ष उशिरा उघडेल. तोवर कुठेतरी नोकरी करावयाची. तसेही भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव चढल्याखेरीज पाटी लावता येत नाही. १९९२ च्या कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. आरंभी दोनच यंत्रे, श्रवणमापक आणि मध्यकर्ण तपासणारे. तपासणीची फी वेगळी, दारावर लिहिलेली; यंत्र घ्या अथवा न घ्या. घेतल्यास पुढच्या वर्षभराच्या फेऱ्यांचे पैसे आधीच सांगितलेले, कारण पहिल्याच आठवड्यात यंत्र फडताळात जाऊ नये यासाठी खरी मेहनत त्या फेऱ्यांतच आहे. आमची बेरीज अजून जुळत नाही. रोज किती माणसे आली म्हणजे ती जुळेल हा आकडा आम्ही काढला आहे, आणि तो पाहून वडील काही बोलत नाहीत.

मुंबईस परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही एक प्रयोग केला. माडीवरच्या खोलीच्या दारा-खिडक्यांवर घरातल्या सगळ्या रजया टांगल्या, आत बसलो, आणि वडिलांना जिन्यात उभे राहून देवघरातली घंटा वाजवावयास सांगितले. मोटारसायकलींचे भोंगे बरेचसे विरले. गल्लीतली भांडणे गेली. घंटा मात्र बारीक, पण स्पष्ट ऐकू येत राहिली. थोड्या वेळाने रजई बाजूला सारून वडिलांनी आत डोके घातले. "आले का ऐकू?" त्यांनी विचारले. "आले," आम्ही म्हणालो. त्यांनी भिंतीवर बोटे वाजवून पाहिली, जिथे आजोबा टेकून बसत त्याच जागी, आणि म्हणाले, "मग मिस्त्रीला सांग, आणखी एक थर लागेल."