निळ्या पॉपीचे बीज

अफूच्या कुळातील मेकोनॉप्सिस या प्रजातीत निळ्या फुलांच्या ज्या जाती आहेत, त्यांचे मूळ घर हिमालय, आग्नेय तिबेट आणि युन्नान येथील उंच डोंगरउतारांवर आहे. तेथे उन्हाळा पावसाचा, धुक्याचा आणि थंड असतो, तर हिवाळ्यात ही झाडे बर्फाखाली जवळजवळ कोरडी राहून विश्रांती घेतात. मराठी गिर्यारोहकांना उत्तराखंडातील फुलांच्या घाटीत ऐन पावसाळ्यात दिसणारी काटेरी निळी पॉपी याच प्रजातीची आहे. बागेत या फुलाला जे काही द्यावे लागते, त्यापेक्षा कितीतरी अधिक त्याच्यापासून दूर ठेवावे लागते, आणि ऊष्मा, साचलेले पाणी व घाई या तिन्हींना अडवून धरणे हेच ही रोपे बियांपासून वाढवण्याच्या कलेचे सार आहे.

ब्रिटिश अधिकारी फ्रेडरिक मार्शमन बेली यांना 1913 मध्ये आग्नेय तिबेटात एक निळी पॉपी आढळली आणि पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. 1924 मध्ये वनस्पतिसंग्राहक फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी तिचे बी गोळा केले आणि त्यातून ती ब्रिटनमधील बागांत रुजली. स्कॉटलंडचा थंड, ओलसर उन्हाळा तिला विशेष मानवला, आणि तेथील बागायतदारांनी मोठ्या वृक्षांच्या कवडशांच्या सावलीत, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन मिळेल पण दुपारचा ताप लागणार नाही अशा जागी, तिची लागवड रूढ केली.

बोंड तपकिरी होऊन त्याच्या टोकाकडील झडपा उघडू लागल्या की बी काढतात. त्याची उगवणशक्ती लवकर घटत असल्यामुळे ते सुकवून कागदी पाकिटात, शीतकपाटात ठेवतात आणि हिवाळ्याच्या अखेरीस पेरतात. बारीक चाळलेले, निचऱ्याचे मिश्रण कुंडीत भरून त्यावर बी विरळ पसरतात आणि मातीखाली गाडत नाहीत, कारण उगवणीला उजेड उपकारक ठरतो. फार तर अगदी बारीक खडीचा पातळ थर देतात. सुमारे 10 ते 15 अंश सेल्सियस तापमानात साधारण दोन ते चार आठवड्यांत अंकुर दिसू लागतात, आणि अनेकांचा हात सैल सुटतो तो इथेच. कुंडी उबदार ठेवावी, वरून पाणी शिंपडावे, अशी साहजिक ओढ होते. पण त्यातूनच बुरशीमुळे रोपे बुडाशी कुजून आडवी होण्याचा रोग, म्हणजे रोपांची मर, उद्भवतो. म्हणून कुंडी पाण्याच्या उथळ ताटात ठेवून ओल खालून वर चढू देतात, पृष्ठभाग ओलसर झाला की ती लगेच बाहेर काढतात, आणि हवा खेळती ठेवतात.

बीजदलांची जोडी इवलीशी आणि गुळगुळीत असते. तिच्यामागून येणाऱ्या खऱ्या पानांवर मात्र लव दिसते, आणि या लवेवरूनच जाणकार नजर रोप ओळखते. अशी दोन-तीन पाने आली की रोप पानाला धरून, देठाला बोट न लावता, स्वतंत्र कुंडीत हलवतात. कायमच्या जागी कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत भरपूर असावे, ओल टिकावी, तरीही पाणी साचू नये. मातीचा सामू, म्हणजे तिची आम्ल-विम्लता मोजण्याचा अंक, 7 पेक्षा थोडा खाली असावा. निळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याशी फ्लेव्होनॉल आणि लोह, मॅग्नेशियम यांसारख्या धातूंच्या आयनांची जी विशिष्ट जुळणी होते तिच्यातून उमटतो, आणि विम्लधर्मी मातीत फुले जांभळट होतात असा बागायतदारांचा अनुभव आहे.

सर्वांत कठीण संयम यानंतरचा आहे. काही जाती आयुष्यात एकदाच फुलून, बी धरून मरतात. बेलीच्या पॉपीसारख्या बहुवर्षायू जातीही गड्डा भरण्यापूर्वी फुलल्या तर त्याच बहरात संपून जाण्याचा धोका असतो, म्हणून कोवळ्या रोपाची पहिली कळी खुडण्याची जुनी रीत आहे. ज्या निळाईसाठी इतकी खटपट केली, ती पहिल्याच वर्षी हाताने नाकारणे सोपे नसते. परंतु त्या खुडण्यामुळे रोपाची शक्ती बाजूच्या फुटव्यांकडे वळते आणि पुढील वर्षांसाठी ते तग धरते.

बागांतील अनेक देखण्या संकरित पॉपी वांझ असतात व गड्डे विभागूनच वाढवाव्या लागतात. ‘लिंगहोम’सारखी बी धरणारी संकरित रोपे हा त्याला अपवाद. शुद्ध जातीचे बी हवे असल्यास तिच्या शेजारी दुसऱ्या जातीची फुले नसावीत, कारण संकर सहज होतो. एखादा कडक उन्हाळा किंवा ओला हिवाळा जुने गड्डे एका फटक्यात संपवू शकतो. अशा वेळी ज्याच्याकडे मागील हंगामाचे बी आणि उगवून आलेली रोपे असतात, त्याचीच बाग सावरते. म्हणून या फुलाच्या बागायतदाराने दरवर्षी बी धरावे, दरवर्षी पेरावे आणि उरलेले इतरांना वाटावे. मूळ डोंगरापासून इतक्या दूर आलेले हे फूल अशा अखंड पेरणीच्या आधारावरच टिकून आहे.