न दिसणे आणि नसणे

गंगेला पूर किती आला, असे नाशिककराला विचारले तर तो फुटांत उत्तर देत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, अशी त्याची मोजणी असते. मोठ्या पुरात मूर्ती पाण्याखाली जाते आणि घाटावर उभ्या असलेल्या माणसाला गढूळ प्रवाहाखेरीज काही दिसत नाही. तरीही मारुती गेला, असे कोणी म्हणत नाही. लोक पाणी ओसरण्याची वाट पाहतात.

भांडी बाजारात जुने दुकान असलेल्या एका घरातील आजोबांनी असे अनेक पूर पाहिले होते. २ ऑगस्ट २०१६ रोजी पाणी सराफ बाजारात आणि भांडी बाजारात शिरले, तेव्हा त्यांच्या दुकानातील वह्या आणि तेथेच कपाटात ठेवलेले फोटोंचे अल्बम भिजले. जे फोटो वाचले, ते सूनबाईंनी वाळवून एकेक करून स्कॅन केले. पुढे २०२१ मध्ये लॅपटॉप घेतला, तेव्हा ते सारे त्यावर आले. आजी जाण्याच्या आदल्या वर्षी नातवाने त्यांना बोलते करून पापड, सांडगे, मेथकूट यांच्या कृती ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्याही त्याच लॅपटॉपवर होत्या. दुसरी प्रत कोठेच नव्हती. करू, करू म्हणता राहून गेले होते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. दिवाळीच्या सुटीत घरी आलेल्या नातवाने त्याच लॅपटॉपवर विंडोज ११ घेण्यास सुरुवात केली. काम अर्ध्यावर असताना वीज गेली. बॅटरी जुनी झालेली, त्यामुळे लॅपटॉपही बंद पडला. त्यानंतर काळ्या पडद्यापुढे तो जाईना. नातवाने दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्ह तयार केला आणि नव्याने विंडोज टाकायला घेतले. ‘कोणत्या डिस्कवर टाकायचे?’ हा टप्पा आला आणि यादी कोरी निघाली. एकही ड्राइव्ह सापडत नाही, अशी सूचना तेवढी झळकली.

दुसऱ्या दिवशी एका दुरुस्तीच्या दुकानात पाच मिनिटांत निकाल मिळाला, की डिस्क गेली, नवी टाका. नातू उतरलेल्या चेहऱ्याने घरी आला.

“गेली म्हणजे काय रे? जळाली?” आजोबांनी विचारले.

“दिसत नाही, आजोबा. यादीत काहीच येत नाही.”

“कोणाला दिसत नाही?”

नातवाला प्रथम हा प्रश्न भाबडा वाटला. मग तो थबकला. डिस्क शोधणारा एकच नसतो. लॅपटॉप सुरू होताना मदरबोर्डवरील बायोस ती शोधतो. त्यानंतर विंडोज टाकणारा कार्यक्रम आपल्या परीने तिला शोधतो. आतापर्यंत फक्त दुसऱ्याची साक्ष झाली होती. पहिल्याला कोणी विचारलेच नव्हते.

त्याने लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि बायोस उघडला. तेथे डिस्कचे नाव आणि ५१२ जीबी ही क्षमता स्वच्छ दिसत होती. तेथेही ती नसती, तर वाट वेगळी होती. वीज पूर्ण बंद करून डिस्क खोबणीत नीट बसली आहे का, ती खोबण त्या प्रकारच्या डिस्कसाठी आहे का, जुन्या संगणकात केबल सैल झाली आहे का, हे पाहावे लागले असते. आणि हे सारे करूनही ती दिसली नसती, तरच डिस्क बिघडल्याची शंका बळावली असती.

बायोसला दिसणारी डिस्क विंडोजच्या कार्यक्रमाला का दिसू नये? याचे कारण मधल्या व्यवस्थेत होते. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून अनेक लॅपटॉपांत डिस्क ‘व्हीएमडी’ नावाच्या नियंत्रकाच्या हाताखाली असते. त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरील कार्यक्रमात नसेल, तर यादी कोरी राहते. माल गोदामात आहे, पण किल्ली ज्या मुनिमाकडे आहे त्याची भाषा नव्या गुमास्त्याला येत नाही, असा हा प्रकार. तो नवाही नाही. २००१ मधील विंडोज एक्सपी टाकताना काही संगणकांवर आरंभीच एफ-६ कळ दाबून फ्लॉपीवरून असा ड्रायव्हर द्यावा लागे.

नातवाला उपाय सापडला. लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ‘रॅपिड स्टोरेज’चा ड्रायव्हर उतरवायचा, तो उलगडून आयएनएफ फाइल असलेला फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि कोऱ्या यादीच्या पानावरील ‘लोड ड्रायव्हर’मधून तो दाखवायचा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणे हा दुसरा मार्ग होता. मात्र त्याने डिस्कवरील आधीचे विंडोज सुरू होईनासे होऊ शकते आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. त्याने पहिला मार्ग निवडला.

“आणि डिस्क दिसली की पुढे?” आजोबांनी विचारले.

“मग सगळं पुसून नवीन विंडोज टाकायचं,” नातू सवयीने बोलून गेला आणि गप्प झाला.

आदल्या रात्री यादी कोरी नसती, तर त्याने नेमके हेच केले असते. जुने भाग पुसायचे आणि पुढे जायचे, हे हात आपोआप करतात. ज्या अडचणीवर तो रात्रभर चिडला होता, तिनेच त्याचा हात धरला होता.

त्या संध्याकाळी विंडोज टाकले गेले नाही. नातवाने दुसऱ्या पेनड्राइव्हवर लिनक्स घेतले आणि काहीही न पुसता, थेट पेनड्राइव्हवरूनच लॅपटॉप सुरू केला. लिनक्सला व्हीएमडीची भाषा येत होती, म्हणून तीच डिस्क विनातक्रार समोर आली. सुदैवाने ती कुलूपबंद नव्हती. सूनबाईंचे फोल्डर, त्यातील पाण्याचे डाग पडलेले लग्नाचे फोटो आणि आजींचे ध्वनिमुद्रण, सारे जागेवर होते. आधी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. दुसरी पुण्याच्या आत्याकडे पाठवण्यासाठी वेगळ्या डिस्कवर केली. दोन्हींतील काही फाइली उघडून पाहिल्या. त्यानंतरच, दुसऱ्या दिवशी, ड्रायव्हर दाखवला. यादीत डिस्क आली आणि विंडोज ११ अडथळ्याविना बसले.

मेथकुटाचे ध्वनिमुद्रण आजोबांनी त्याच रात्री लावायला सांगितले. डाळी किती भाजायच्या ते आजी सांगत होत्या, आणि मध्येच नातवावर रागावत होत्या, “लिहून घे रे, नंतर विसरशील.” सूनबाई पदराने डोळे टिपत हसल्या. आजोबा काही बोलले नाहीत. ध्वनिमुद्रण संपल्यावर त्यांनी बाहेरची डिस्क हातात घेतली, रुमालात गुंडाळली आणि कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी ठेवली.