नागसेनवनातून परत खिडकीवर

मागच्या जुलैत कॉलेजचे काही कागद विद्यापीठात पोहोचवण्यासाठी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादला, जाण्याचा योग आला. बरोबर आमचे मामा होते. १९७२ च्या दुष्काळात मामा पत्र्याची ट्रंक घेऊन मिलिंद महाविद्यालयात दाखल झाले आणि पुढे मास्तर झाले. काम लवकर उरकले. मामा म्हणाले, "चल, तुला माझं कॉलेज दाखवतो."

मिलिंदचे नाव आपल्या घराघरात आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले आणि १९५० साली औरंगाबादला हे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. मराठवाड्यात त्या वेळी विद्यापीठही नव्हते. ते १९५८ साली आले आणि त्याला बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या नावासाठी आपल्या माणसांनी काय काय सोसले, ते वाचकांना सांगायला नको.

परिसरात झाडांची गार सावली आहे. पुढे विद्यापीठ, त्यामागे डोंगर आणि डोंगरात बुद्धलेणी. मामा एका झाडाखाली टेकले आणि म्हणाले, "मी पहिल्या दिवशी ऑफिसात गेलो तर बोलायला तोंड उघडेना. पायात चप्पल नव्हती. तिथल्या क्लार्कनं कागद मागितलेच नाहीत आधी. म्हणाला, जेवलास का? मग बस, पाणी पी. कागद नंतर बघू. पन्नास वर्षं झाली, त्याचं नाव विसरलो, पण ते वाक्य नाही विसरलो."

मी गप्प झालो. त्याचे कारण असे, की मीही कॉलेजातला क्लार्कच आहे. शिष्यवृत्तीची खिडकी माझ्याकडे आहे.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली होती, रांग जिन्यापर्यंत गेली होती. मी खिडकीतून ओरडलो, "एससीवाले इकडे या, बाकीचे तिकडे!" एका मुलीचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र जुने होते. मी सगळ्यांसमोर तिचे नाव, जात आणि बापाचे उत्पन्न वाचून दाखवले आणि वर म्हणालो, "फुकट पाहिजे तर कागद नीट आणा." ती वळली आणि गेली. परत आली नाही. तिचा फॉर्म राहिला, पुढे कॉलेजही सुटले. मी स्वतः बौद्ध. जयंतीला भाषणे करणारा. आपल्या माणसाने खिडकीत बसून हे केले.

मामांना हे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "या जागेचं नाव नागसेनवन का आहे, ठाऊक आहे ना?"

'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद भंते नागसेनांना प्रश्न विचारतो, हे आपण ऐकलेले असते. पण चर्चेआधी नागसेनांनी एक अट घातली होती. विद्वानासारखी चर्चा करणार असाल तर बोलू, राजासारखी करणार असाल तर नाही. कारण राजाला उलट उत्तर आवडत नाही, तो शिक्षा देतो. राजाने अट मान्य केली, मगच प्रश्न सुरू झाले.

"खिडकीच्या आत बसणारा राजाच असतो रे," मामा म्हणाले. "बाहेरचं लेकरू काय बोलणार?"

परतीच्या एसटीत तेच डोक्यात होते. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले, की उच्च शिक्षणसंस्थेत समान संधी कक्ष असावा, भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी असावा. तरी २०१६ साली हैदराबादचा रोहित वेमुला गेला, २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. हे नियम पाळले जावेत म्हणून त्या दोघांच्या आयांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. नियम हवाच. पण नियम खिडकीत बसलेल्या माणसाच्या जिभेवर उतरला नाही, तर तो कपाटातच राहतो. कारकुनाला टायपिंग शिकवतात, हिशेब शिकवतात. माणसाशी बोलणे त्याला कोण शिकवतो?

मी स्वतःलाच शिकवायचे ठरवले. जात आणि उत्पन्न मोठ्याने वाचायचे नाही, कागदावर बोट ठेवून दाखवायचे. रांग एकच. खिडकीजवळ एक बाक टाकून घेतला. कागद कमी असेल तर नुसते "नाही" म्हणायचे नाही. तो कुठून आणायचा, ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे. "बौद्ध आहेस ना, मग एससी कशी?" असे कुणी विचारले, तर १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, हे शांतपणे सांगायचे. पात्र मुलाला आधी फी भर म्हणायचे नाही. आणि जो अर्ध्यातून वळला, त्याचे नाव वहीत लिहून दोन दिवसांनी निरोप धाडायचा. सोबतचे काही जण हसले. एक म्हणाला, "कारकून आहेस की समाजसेवक?" मी म्हटले, दोन्हींचे काम एकच आहे.

त्याच आठवड्यात बायकोला घेऊन त्या मुलीच्या घरी गेलो. ती कापडाच्या दुकानात कामाला लागली होती. मी म्हटले, "बाई, चूक माझी होती." तिची आई काही बोलली नाही, चहा ठेवायला उठली. मुलगी खाली बघून म्हणाली, "सर, माझ्या वर्गातल्या मुली मागंच उभ्या होत्या." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. नवा फॉर्म तिच्यापुढे ठेवला. वर्षाचा खंड पडला त्याचे प्रतिज्ञापत्र कसे करायचे, ते सांगितले. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "आधी फी भरावी लागेल का?"

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या खिडकीवर मात्र अजून मैत्रिणीलाच पाठवते. तो तिचा हक्क आहे.

आई-वडिलांनो, जातीचा दाखला, उत्पन्नाचे प्रमाणपत्र, रेशनकार्ड आणि आधार जोडलेले बँक खाते जूनआधीच तयार ठेवा. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेची चौकशी करा. आणि लेकरू कॉलेजातून गप्प गप्प आले, तर फक्त मार्क विचारू नका, खिडकीवर कुणी काय बोलले तेही विचारा. कमी-जास्त ऐकावे लागले असेल तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. खिडकीच्या आत आपले कुणी बसले असेल, तर त्याला मामांच्या त्या क्लार्कची गोष्ट सांगा.

जयभीम.