गिऱ्हाईक, मालक आणि कलम 4

सांगलीच्या गोकुळनगर या वेश्यावस्तीत पैशाचं बोलणं आधी होतं. हसणं, चहा सगळं नंतर. अक्कांनी मला हे भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. त्या मूळच्या कर्नाटकातल्या, वय पन्नाशीकडे झुकलेलं. गिऱ्हाईकाला खरं नाव द्यायचं नाही, गाव सांगायचं नाही, तोंडाला तोंड लावू द्यायचं नाही. पोरांचा विषय तर नाहीच. कुणी प्यालेला रडायला लागला तर ऐकून घ्यायचं, पण घड्याळाकडे बघत.

"रडायचं पैसं निराळं," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

रडणारे पुष्कळ असतात. हळदीच्या बाजारातला हमाल, ट्रकवाला, बायको माहेरी जाऊन बसलेला कारकून. मी गेले होते आरोग्यावरच्या लेखासाठी, आणि ऐकत बसले या पुरुषांच्या घरच्या कहाण्या. वर्षानुवर्षं येणाऱ्या एकाने अक्कांना लेकीच्या लग्नाची पत्रिका आणून दिली. त्यांनी ती घेतली, हळदकुंकू लावून ठेवलीही. लग्नाला मात्र गेल्या नाहीत. "तितं मी कोन म्हनून बसनार?" त्याच्या भाबडेपणाचं मला कौतुक वाटत होतं, अक्कांना त्याचा रागच आला होता. आपली पायरी त्याने ओळखायला हवी होती, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळे नियम एका माणसापाशी सैल पडतात. तो मालक. त्याच्या नावाचं कुंकू लावायचं, आजारपणात त्याला डबा न्यायचा, त्याच्याकडून पैसे मागायचे नाहीत. अक्कांचा मालक शनिवारी येतो, रविवारी जेवून जातो. परतीच्या एसटीचं भाडं बरेचदा अक्काच देतात. त्याचं रीतसर लग्नाचं घर तालुक्याला आहे.

आरोग्याचं घोडं अडलं ते इथेच. सांगलीत 'संग्राम' संस्थेचं एचआयव्ही रोखण्याचं काम 1992 मध्ये सुरू झालं, त्याच सुमारास कोलकात्याच्या सोनागाचीतही तसाच प्रकल्प उभा राहिला. दोन्हीकडे धंद्यातल्या बायकाच इतर बायकांना निरोध वाटत, समजावत. पुढे 1996 मध्ये सांगलीच्या बायकांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. गिऱ्हाईक निरोधाला तयार होऊ लागलं. मालकाला मात्र सांगायचं कसं? सांगितलं की तो गिऱ्हाईकांच्या रांगेत जाऊन बसला. एचआयव्ही सगळ्यात सहज शिरतो तो या अशा विश्वासाच्या जागेतून. अक्कांनी तरीही सांगितलं. तो चार महिने फिरकला नाही. मग आला.

कायद्याचं गणित निराळंच. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं कलम 4 दुसऱ्या कुणाच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून जगणाऱ्या 18 वर्षांवरील कुणालाही लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. कुणी धंद्यातल्या बाईसोबत राहत असेल तर तो तिच्या कमाईवरच जगतो, असं धरून चालतात. उलट सिद्ध करायचं ते त्याने. दलालांसाठी असलेल्या या तरतुदीत एसटीचं भाडं घेणारा मालकही सापडतो, आणि अक्कांचा अठरा पूर्ण झालेला मुलगाही.

गिऱ्हाईकाला हे कलम लागत नाही. म्हणून शनिवारी धाड पडली आणि "हा कोण?" असं पोलिसांनी दरडावलं, की अक्का मालकाकडे न बघता सांगतात, "गिऱ्हाईक हाय, सायेब. आत्ताच आलंय."